दाखल नंबर एकाहत्तर

वाचनालयाने सोशल मीडियावर यावं, असा ठराव कार्यकारिणीत एकमताने मंजूर झाला. एकमताने मंजूर झालेलं काम करायला शेवटी एकच माणूस लागतो. तो माणूस टेबलाच्या टोकाला बसून इतिवृत्त लिहीत होता, त्यामुळे ही शिक्षा त्याला स्वतःच्याच अक्षरात उतरवून घ्यावी लागली.

या माणसाला सगळे रजिस्टरराव म्हणत. वाचनालयात ते एकतीस वर्षं सहाय्यक होते. कोणाचे सहाय्यक ते विचारायचं नाही, कारण ग्रंथपालाची जागा 'लवकरच भरण्यात येईल' या शेऱ्यासह तितकीच वर्षं रिकामी होती. ज्या गोष्टीला नंबर नाही ती गोष्ट घडलेलीच नाही, असं रजिस्टररावांचं मत होतं. वाचनालयात साप निघाला तेव्हासुद्धा त्यांनी आधी आवक रजिस्टर उघडलं होतं, असं लोक सांगतात. ते खोटं आहे. साप आधी गेला होता.

"आजकाल लोक वाचत नाहीत, बघतात," अध्यक्ष म्हणाले. अध्यक्षांचं सिमेंटचं दुकान होतं आणि बोलणंही पोत्यातून ओतल्यासारखं होतं. "आपण दिसलो पाहिजे. आणि ते कोपऱ्यातलं कार्डांचं कपाट आता काढून टाका. सगळं कॉम्प्युटरवर आलंय. तिथे फोटो काढायला छान कोपरा करू. मागे रंगीत भिंत, पुढे खुर्ची."

रजिस्टररावांचं पेन थांबलं. "कपाट राहू द्या," ते म्हणाले.

सगळ्यांनी वळून बघितलं. एकतीस वर्षांत ते सभेत पहिल्यांदाच बोलले होते. कपाटच बोललं असतं तर लोकांना एवढं आश्चर्य वाटलं नसतं.

त्या कपाटात अठ्ठेचाळीस खण होते आणि चार हजार तीनशे बारा कार्डं. प्रत्येक पुस्तकाचं एक. वाचनालय सव्वीस वर्षांपूर्वी या इमारतीत आलं तेव्हा सगळ्या पुस्तकांना एकपासून नवे नंबर दिले गेले, आणि नवी कार्डं लिहायची वेळ आली. रजिस्टररावांचं अक्षर असं होतं की ते फक्त औषधांच्या दुकानदाराला वाचता येई. म्हणून कार्डं त्यांच्या बायकोने लिहिली. रोज संध्याकाळी ते पिशवीतून पुस्तकं घरी आणायचे, ती स्वयंपाक आटपून बसायची, पुस्तक वाचायची आणि मग कार्ड लिहायची. वाचायची गरज नव्हती. लेखक, नाव, पानं, आकार एवढंच लिहायचं असतं. पण वाचल्याशिवाय कार्ड कसं लिहायचं, असं ती म्हणायची. पहिला ढीग संपायला चार वर्षं लागली. त्यानंतर येणाऱ्या पुस्तकांची कार्डंही तीच लिहीत राहिली.

ती जाऊन दीड वर्ष झालं होतं. घरातल्या तिच्या साड्या तिच्या बहिणीने वाटून टाकल्या. चष्मा कुठे गेला ते सापडलं नाही. तिचं अक्षर तेवढं शिल्लक होतं, आणि ते सगळं या कपाटात होतं. हे कार्यकारिणीला सांगण्यासारखं कारण नव्हतं, म्हणून रजिस्टररावांनी ते सांगितलं नाही.

"ठीक आहे," अध्यक्ष उठता उठता म्हणाले. "चार महिन्यांनी वार्षिक सभा आहे. तोपर्यंत आपल्या पानाला पाचशे फॉलोअर आणा, कपाट राहील. नाहीतर भंगार."

हे वाक्य इतिवृत्तात आलं नाही, कारण सभा संपली होती आणि चहा आला होता.

शिकवायला मेहुणी आली. ती टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली होती आणि समोरच्याच इमारतीत राहत होती. बहीण गेल्यापासून दर गुरुवारी ती भाऊजी जिवंत आहेत का ते बघायला यायची. असं ती स्वतःच सांगायची, दारातून, मोठ्याने.

"अंगठा वापरा भाऊजी, अंगठा! तर्जनीने काय दारावरची बेल दाबताय?"

"अंगठा निरक्षर माणसं लावतात."

"मग तुम्हाला काय वाटतं, यात साक्षर माणसं आहेत?"

पासवर्ड हवा म्हटल्यावर रजिस्टररावांनी फोन खाली ठेवला. संस्थेचा पासवर्ड असा एकट्याने ठरवता येत नाही. विषय कार्यकारिणीपुढे गेला, दोन तास चर्चा झाली, एका सदस्याने संस्थापकांचं नाव सुचवलं, दुसऱ्याने विरोध केला, आणि शेवटी अध्यक्षांच्या दुकानाचं नाव आणि पुढे एक दोन तीन असा पासवर्ड बहुमताने मंजूर झाला. मंजूर ठराव सात दिवस सूचना फलकावर लावायचा, हा नियम. रजिस्टररावांनी तो टाइप करून, शिक्का मारून, चार टाचण्यांनी लावला.

तिसऱ्या दिवशी वाचनालयाच्या पानावर उरलेल्या चपला अर्ध्या किमतीत मिळू लागल्या. त्या पोस्टला दोनशे बारा लाइक आले. अध्यक्षांचा फोन आला. "सुरुवात जोरदार केलीत हो," ते म्हणाले. वाचनालयाचं पुढच्या महिनाभरातलं हे सगळ्यात यशस्वी काम होतं आणि ते एका चपलांच्या दुकानदाराने केलं होतं, हे रजिस्टररावांना लागलं. त्यांनी फलकावरचा कागद काढला नाही. सात दिवस म्हणजे सात दिवस. आठव्या दिवशी मेहुणीने पासवर्ड बदलला आणि तो कोणालाच सांगितला नाही, अध्यक्षांनाही नाही.

मग फॉलोअर यायला लागले. म्हणजे एक आला. वाचनालयात रोज सकाळी पेपर वाचायला येणारे एक पेन्शनर होते, सभासद नंबर अडतीस. त्यांनी रजिस्टररावांपासून सहा फुटांवर बसून विनंती पाठवली आणि मान वर करून वाट बघत बसले.

"पाठवली आहे," ते म्हणाले.

"मिळाली. दोन सभासदांची शिफारस लागेल."

"मी सभासदच आहे की! अठ्ठावीस वर्षं!"

"वाचनालयाचे आहात. पानाचे नाही."

पेन्शनरांनी दोन शिफारसी आणल्या. एक स्वतःच्या भावाची होती, ती नातेवाईक म्हणून बाद झाली. मेहुणीला हे कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला नाही, भाऊजींच्या हातावर मारला आणि फोन हिसकावून घेतला. तोपर्यंत एकोणीस विनंत्या 'अपूर्ण अर्ज' म्हणून पडून होत्या.

प्रत्येक लाइकला रजिस्टरराव पोच देत. 'आपला दिनांक नऊचा अंगठा मिळाला. संस्था आभारी आहे. जावक क्रमांक सतरा.' एका बाईंनी पान सोडलं तर त्यांना कळवलं, 'आपल्याकडील पुस्तके जमा केल्याशिवाय आपणास सोडता येणार नाही.' त्या बाई दुसऱ्याच शहरात राहत होत्या आणि त्यांनी पोलिसात जाण्याची भाषा केली. त्याही पत्राला आवक क्रमांक मिळाला.

पोस्टमध्ये टाकायचं काय, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. वाचनालयाने काय दाखवायचं? पुस्तकं. पुस्तकाची अधिकृत माहिती कुठे असते? कार्डावर. दाखल नंबर एकपासून रोज एका कार्डाचा फोटो. लेखक, नाव, पानं दोनशे चार, आकार अठरा सेंटिमीटर. सोमवारी वाचनालय बंद, म्हणून सोमवारी पोस्ट नाही. पंधरा दिवसांत अकरा फॉलोअर झाले. त्यातले दोन मेहुणी होती, दोन फोनवरून.

"अठरा सेंटिमीटर," मेहुणी म्हणाली. "भाऊजी, हे वाचून माणूस नाचायलाच लागेल."

सोळावं कार्ड होतं त्या दिवशी रजिस्टरराव परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत होते. "तूच काढ फोटो," ते म्हणाले. मेहुणीने खणातून कार्ड काढलं, टेबलावर टाकलं, ते उलटं पडलं, आणि तिने न बघता फोटो काढून पानावर टाकला. मग तिने बघितलं. मग ती बराच वेळ काहीच बोलली नाही. ही गोष्ट इतकी नवीन होती की रजिस्टररावांचा शिक्का हवेत थांबला.

"काय झालं?"

"भाऊजी, हे ताईने लिहिलंय."

"सगळीच तिने लिहिलीत."

"मागे. मागच्या बाजूला लिहिलंय."

"मागे काही नसतं," रजिस्टरराव म्हणाले. "मागची बाजू कोरी ठेवायची असते. नियम आहे."

मेहुणीने कार्ड त्यांच्या पुढे धरलं. पुस्तकाचं नाव होतं 'पहाटे उठा, यशस्वी व्हा'. मागे, बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: 'लेखक पहाटे चारला उठतो. सव्वाचारला चहा पितो. तो कोण करतं हे दोनशे पानांत कुठेही सांगितलेलं नाही.'

रजिस्टररावांनी ते दोनदा वाचलं. त्यांना एक संध्याकाळ आठवली, बरीच जुनी. ती कार्ड लिहीत होती आणि म्हणाली होती, "कधीतरी उलटूनही बघत जा." ते रजिस्टरमध्ये डोकं घालून म्हणाले होते, "मागे काही नसतं." ती हसली होती आणि पुन्हा कधी तसं म्हणाली नव्हती. सव्वीस वर्षं ते ही कार्डं रोज हाताळत होते. एकही उलटलं नव्हतं. उलटायची गरजच पडली नाही, कारण त्यांना काम येत होतं.

त्या पोस्टला संध्याकाळपर्यंत तीन हजार लाइक आले. रजिस्टररावांनी पोच लिहायला घेतली आणि चाळिसाव्याला सोडून दिली.

मेहुणी खण उघडायला धावली. "चला, सगळी बघू!"

रजिस्टररावांनी खणावर हात ठेवला. "नाही."

"नाही म्हणजे?"

"क्रमाने. एकपासून. रोज एक."

"अहो, चार हजार कार्डं आहेत!"

"म्हणूनच," ते म्हणाले. मेहुणीने त्यांच्याकडे बघितलं, मग खण आपणच बंद केला आणि पदराने उगाचच त्याची मूठ पुसली.

तेव्हापासून रोज सकाळी साडेदहाला रजिस्टरराव पुढचं कार्ड काढत, उलटत, वाचत, आणि मग फोटो टाकत. पुढचं एकही आधी बघत नव्हते. दाखल नंबर पाच, रहस्यकथा: 'खून माळ्याने केला. पान तीसवर कळतं. ह्यांना पान एकशे नव्वदवर कळलं. मी काही बोलले नाही.' नंबर नऊ, बागकाम: 'झाडांशी बोलावं म्हणे. बोलले. ह्यांच्यापेक्षा बरा प्रतिसाद मिळाला.' नंबर बावीस, प्रवासवर्णन: 'लेखक बारा देश फिरला. बायको पान चारवर विमानतळावर निरोप द्यायला येते. त्यानंतर दिसत नाही. बहुतेक अजून तिथेच उभी असेल.' नंबर सत्तावीस, गुडघेदुखीवर घरगुती उपाय: 'ह्यांच्यासाठी आणलं. ह्यांनी वाचलं नाही. आता माझा दुखतो.'

सत्तावीस नंबर वाचून रजिस्टररावांनी पुस्तक मागवून घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचलं. त्याचा आता कोणाच्याच गुडघ्याला उपयोग नव्हता.

चव्वेचाळीस नंबरचं कार्ड मागे कोरं निघालं. त्यांनी कोऱ्या बाजूचा फोटो टाकला, नंबर चुकायला नको म्हणून. त्यावर सातशे लोकांनी आपापले अर्थ लिहिले. एका प्राध्यापकांनी लेख लिहिला.

फॉलोअर पाचशे झाले, पाच हजार झाले, मग रजिस्टररावांनी मोजायचं सोडलं. आता सल्ले यायला लागले. पलीकडच्या झेरॉक्सवाल्याने सुचवलं की कपाट दाखवायला तिकीट लावा. रस्त्यावर भेटणारी माणसं विचारत, "उद्या काय?" जणू कार्डं तेच रोज रात्री लिहीत होते. आणि तक्रारी आल्या. तेहतीस नंबर होता 'आदर्श नागरिकाची कर्तव्ये'. मागे लिहिलं होतं: 'परत आलं तेव्हा पान छप्पनवर बिस्किटाचा चुरा. सभासद नं. ३८.'

पेन्शनर पेपर न वाचता थेट टेबलापाशी आले. "सगळ्या नातेवाइकांचे फोन आले मला! सून हसत होती!"

"कार्डावर तसं आहे."

"पण ते बिस्किट नव्हतं! तो टोस्ट होता! मी बिस्किट खातच नाही, डॉक्टरांनी मना केलंय. आता घरी काय सांगू?"

वाचनालयाकडून चुकीची माहिती गेली, हे रजिस्टररावांना सहन होण्यासारखं नव्हतं. दुपारी त्यांनी शुद्धिपत्र काढलं: 'दाखल नंबर तेहतीसमधील चुरा हा संबंधित सभासदांच्या म्हणण्यानुसार टोस्टचा असून वाचकांनी कृपया दुरुस्ती करून घ्यावी.' पेन्शनर त्यामुळे इतके प्रसिद्ध झाले की लोक त्यांच्याबरोबर फोटो काढू लागले. मग ते म्हणायला लागले की चुरा खूपच होता.

हे सगळं अध्यक्ष लांबून, कौतुकाने बघत होते. पुढाकार आपलाच होता, असं ते भेटेल त्याला सांगत. मग एक दिवस औषधांच्या दुकानदाराने नंबर सत्तावन्नच्या खाली एक ओळ लिहिली: 'एकाहत्तर कधी येणार?'

वाचनालयाचं दाखल रजिस्टर कोणालाही बघता येतं. लोकांनी येऊन बघितलं. दाखल नंबर एकाहत्तर: 'मौनाचे मजले'. कवितासंग्रह. पानं अठ्ठ्याऐंशी. कवी, अध्यक्ष स्वतः. सव्वीस वर्षांपूर्वी, वाचनालय इथे आलं त्याच महिन्यात, त्यांनी स्वतः येऊन दिलेली भेट.

अध्यक्षांनीही बोटं मोजली. सोमवार वगळून रोज एक. एकाहत्तर नंबर नेमका रविवारी येत होता. वार्षिक सभेच्या दिवशी.

त्यांनी सभा आधी घ्यायचा प्रयत्न केला. एकवीस दिवसांची नोटीस लागते. पुढे ढकलायचा प्रयत्न केला. सभागृहाचं आरक्षण होतं आणि नियमात 'अपरिहार्य कारण' असा शब्द होता. आपल्या कविता हे अपरिहार्य कारण आहे, असं अर्जात लिहायला ते तयार नव्हते. शेवटी ते दुपारी, वाचनालय रिकामं असताना, एकटेच आले. खुर्ची ओढली. सिमेंटचा एक बारीक थर टेबलावर बसला.

"रजिस्टरराव, एकाहत्तरमध्ये काय लिहिलंय?"

"माहीत नाही."

"बघितलं नाहीत?"

"त्याचा दिवस आला नाही."

"मला दाखवा."

"तुमचाही दिवस आला नाही."

अध्यक्षांनी रुमाल काढून मान पुसली. "हे बघा. वहिनी हुशार होत्या, मी काही म्हणत नाही. पण मी या संस्थेचा अध्यक्ष आहे. सभेत दीडशे माणसं माझ्या तोंडावर हसणार. तुम्ही सत्तरवरून एकदम बहात्तरवर जा. कोणाचं काय बिघडतं?"

"नंबर गाळता येत नाही."

"का नाही येत? चौदा नंबरचं पुस्तक हरवलंय तुमचं!"

"त्याचं कार्ड आहे. मागे 'हरवणार, दिसतंच आहे' असं लिहिलंय. टाकलं आम्ही."

अध्यक्ष उठले. आता ते अध्यक्षासारखे बोलले. "मग ऐका. एकाहत्तर गाळलंत तर कपाट राहील, मी शब्द देतो. टाकलंत तर सभेतच ठराव आणतो, सोमवारी भंगारवाला येतो."

"पाचशे फॉलोअर झाले तर कपाट राहील म्हणाला होतात. नऊ हजार झालेत."

"इतिवृत्तात आहे का ते?"

रजिस्टररावांनी हातातलं रजिस्टर मिटलं. ज्याला नंबर नाही ते घडलेलंच नाही, हे त्यांनीच एकतीस वर्षं सगळ्यांना सांगितलं होतं.

मेहुणीला कळलं तेव्हा ती जिना चढून धापा टाकत आली. "गाळा ना मग! एक कार्ड जातंय, चार हजार वाचतायत. हिशेब कळतो का तुम्हाला?"

"कळतो."

"मग हट्ट कसला?"

रजिस्टरराव बराच वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत होते. "तिने लिहिलेलं काय बघायचं आणि काय नाही, हे मी ठरवायचं का?" ते म्हणाले. "सव्वीस वर्षं तेच केलं."

मेहुणी खाली बसली. "ताई म्हणायची ते खोटं नाही," ती शेवटी म्हणाली. "तुमच्याशी बोलण्यापेक्षा झाड बरं." पण तिने पुन्हा गाळा म्हटलं नाही. जाताना एवढंच म्हणाली, "माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे. कपाट मावेल का बघते." दुसऱ्या दिवशी तिने निरोप पाठवला: मावत नाही, दार अरुंद आहे.

वार्षिक सभेला दरवर्षी नऊ माणसं यायची, त्यातली सात पदाधिकारी असायची. त्या रविवारी दीडशेच्या वर आली. खुर्च्या चाळीस होत्या. पेन्शनर पहिल्या रांगेत बसले होते आणि उघडपणे टोस्ट खात होते. औषधांच्या दुकानदाराने दुकान बंद ठेवलं होतं, त्या दिवशी आजारी पडलेल्यांनी कुठे जायचं ते जाऊ दे. अध्यक्ष व्यासपीठावर इस्त्रीच्या शर्टात बसले होते आणि पाण्याचा तिसरा पेला पीत होते.

अहवाल वाचला गेला. कोणी ऐकला नाही. मग विषय क्रमांक चार आला: कार्डांच्या कपाटाची विल्हेवाट. अध्यक्षांनी रजिस्टररावांकडे बघितलं. नुसतं बघितलं. रजिस्टरराव उठले, त्यांनी बरोबर आणलेला पहिला खण टेबलावर ठेवला, आणि बोटाने मोजत सत्तराच्या पुढचं कार्ड काढलं. सभागृहात टोस्टचासुद्धा आवाज थांबला.

ते उलटणार, तेवढ्यात त्यांचा हात थांबला. पुस्तक अध्यक्षांचं होतं. ज्याचं पुस्तक त्याला आधी, एवढं तर वाचनालयाला कळायला हवं. त्यांनी कार्ड तसंच, न वाचता, अध्यक्षांच्या हातात दिलं.

ते कार्ड शर्टाच्या खिशात घालता आलं असतं. पाण्याच्या पेल्यात टाकता आलं असतं. अध्यक्षांनी ते उलटलं आणि वाचलं. मग चष्मा काढला, पुसला, आणि परत वाचलं.

"मोठ्याने!" मागून कोणीतरी ओरडलं.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "'पान एक्केचाळीसवरची कविता चांगली आहे,'" त्यांनी वाचलं. "'ती सापडेपर्यंत चाळीस पानं वाचावी लागली. तिच्यानंतर नाही वाचलं तरी चालेल. पण ती खरंच चांगली आहे.'"

सभागृह हसलं. चांगलं पोटभर हसलं, खुर्च्या वाजल्या. अध्यक्ष हसले नाहीत, रागावलेही नाहीत. हसणं थांबेपर्यंत ते कार्डाकडेच बघत राहिले, मग रजिस्टररावांकडे वळून हळू आवाजात म्हणाले, पण माइक चालू होता.

"वहिनींनी सगळं वाचलं होतं?"

"वाचल्याशिवाय कार्ड लिहीत नव्हती."

"दोनशे प्रती वाटल्या मी. सगळे 'छान आहे' म्हणाले. माझी बायको म्हणाली, भाऊ म्हणाला." अध्यक्षांनी कार्डावर बोट ठेवलं. "पान नंबर कोणी सांगितला नाही हो. सव्वीस वर्षांत एकानेही पान नंबर सांगितला नाही."

यावर कोणालाच हसू आलं नाही. अध्यक्षांनी वाचनालयाची प्रत मागवली. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी होती, त्यावर सव्वीस वर्षांत एकच नोंद होती, रजिस्टररावांच्या बायकोच्या सभासद नंबरची. अध्यक्षांनी पान एक्केचाळीस काढलं आणि उभं राहून कविता वाचली. आठ ओळींची होती. वडील वारल्यावर त्यांच्या दुकानाचं कुलूप पहिल्यांदा स्वतः उघडण्याबद्दल होती. सिमेंट होतं, सकाळ होती, आणि किल्ली कुठल्या बाजूने फिरवायची ते विचारायला कोणी नव्हतं. खरंच चांगली होती.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती चूक झाली. अध्यक्षांनी पान बेचाळीस उलटलं. मग त्रेचाळीस. पंचेचाळीसपर्यंत मौनाचे इतके मजले चढले होते की मागची माणसं दाराकडे सरकू लागली. शेवटी मेहुणी उभी राहिली.

"अध्यक्ष महाराज, कार्डावर स्पष्ट लिहिलंय, तिच्यानंतर नाही वाचलं तरी चालेल."

"असं लिहिलंय खरं," अध्यक्ष म्हणाले आणि पुस्तक मिटलं. पेन्शनरांनी ताबडतोब ठराव मांडला की कपाट आहे तिथेच कायम ठेवावं आणि त्याला दरवर्षी पॉलिश करावं. अध्यक्षांनी पुस्तक पुन्हा उघडायच्या आत तो एकमताने मंजूर झाला. रजिस्टररावांनी तो इतिवृत्तात लिहिला, खाली दोन रेघा मारल्या, आणि अध्यक्षांची सही तिथल्या तिथे घेतली.

सभा पांगल्यावर ते आणि मेहुणी खण घेऊन वाचनालयात आले. रजिस्टररावांनी एकाहत्तर नंबरचा फोटो काढला. अंगठ्याने. मग कार्ड जागेवर लावलं आणि खण कपाटात सरकवला. मेहुणी मघापासून त्याच्यापुढे घुटमळत होती.

"बहात्तर बघू या ना. एकच."

"उद्या सोमवार."

"मी कोणाला सांगणार नाही."

"परवा."

मेहुणीने फोन काढून त्यावर काहीतरी केलं. "चार हजार दोनशे एक्केचाळीस उरलीत," ती म्हणाली. "आठवड्याला सहा. म्हणजे साडेतेरा वर्षं. दोन वर्षांनी तर तुम्ही निवृत्त होणार."

"सभासद राहीनच की."

"आणि सत्तरीचे व्हाल, कळतंय का? तुमचं खाणं हे असं, तो गुडघा असा. तेवढं जगणार आहात का?"

रजिस्टररावांनी खणाला कुलूप लावलं, ओढून बघितलं, आणि किल्ली खिशात टाकली.

"जगावं लागेल," ते म्हणाले. "मधला नंबर गाळता येत नाही."